मोजणी बंगल्याचा तिसरा खिळा

करीमचाचा,

परवा शुक्रवारी तुम्हाला माती दिली. मी तुमच्या दोन्ही जावयांच्या मागे उभा होतो. पाळी आली तेव्हा तीन मुठी टाकल्या. काळी, ढेकळांची माती होती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तर, चाळून घ्या ना बावा." चुना असो की वाळू, चाळल्याशिवाय तुम्ही कशालाच हात लावला नाही.

आज सकाळी बंगल्याच्या वाचनालयात तुमच्यासाठी सगळे जमले होते. तिथं जे घडलं ते तुम्हाला सांगायला बसलो आहे. पण ते मागचं सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मागचं सांगायचं तर माझा एक खोटेपणा कबूल करावा लागतो. तो तुमच्याशी केलेला होता.

आपला मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात मी मारेगावच्या शाळेवर आलो. आमचं घर यवतमाळचं, वडील भूमापनाच्या कचेरीत कारकून. जन्मभर त्यांनी नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळल्या. माणूस खोटं बोलतो, नकाशा बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेच डोक्यात घेऊन मी इथं आलो होतो. मुलांना वाचायला जागा नव्हती, आणि गावाबाहेर एक सागवानी, दगडी घर रिकामं पडलं होतं. इंग्रजांच्या पहिल्या मोजणीच्या वेळी आसपासची वावरं मोजायला आलेला अमीन तिथं राहायचा, म्हणून लोक त्याला मोजणी बंगला म्हणत. तो अमीन तिथंच माळ्यावर मेला, एवढं सगळे सांगत. कशानं मेला ते कोणी सांगत नव्हतं. गुरं वळणारी माणसंसुद्धा फाटकापासून लांबून जात.

सरपंच बापूरावांनी तुम्हाला तिथं बोलावलं ते घर पाडून किती दगड निघेल हे बघायला. पंचायतीला गोदाम बांधायचं होतं. मी मध्ये पडून विनंती करायला आलो होतो. तुम्ही कोणाकडे लक्ष न देता भिंतीवर तळहात ठेवला, मग कान लावला. मला वाटलं, म्हातारा नाटकं करतोय. बऱ्याच वेळाने तुम्ही हात काढला आणि पंच्याने पुसला.

"पाडाचं नाही हे," तुम्ही म्हणालात.

"काहून?" बापूराव म्हणाले. "तुमाले दगड मोजाले बोलावलं, मिस्त्री."

"चुना जिता हाये अजून. जित्याले कोन पाडते?"

मग तुम्ही आम्हाला लांब ओसरीत नेलं. पायाने पाचोळा सारला. फरशीच्या दगडात पूर्वेच्या टोकाला एक पितळी खिळा होता आणि पश्चिमेच्या टोकाला दुसरा. मला ते वडिलांमुळे लगेच कळलं. या दोन खिळ्यांमधलं अंतर म्हणजे मोजणीची एक साखळी, तेहतीस फूट. साखळी वापरून वापरून ताणली जाते, म्हणून रोज इथं आणून तपासायची आणि मग वावरात न्यायची. या मुलखातला एकेक धुरा, एकेक बांध, या ओसरीतून निघाला होता.

"हे फोडलं तं आपल्या वावराचं माप कुठून आलं, हे पोरायले कोन दाखवन?" तुम्ही बापूरावांना विचारलंत. मी जे अर्धा तास बोलणार होतो ते तुम्ही एका वाक्यात बोललात.

बापूरावांनी मृगापर्यंतची मुदत दिली. "गळलं नाही, पडलं नाही, आन् गावचं लेकरू आत गेलं, तं ठेवू," असं म्हणाले. शेवटची अट त्यांनी हसत घातली होती. गावातलं एकही लेकरू आत जाणार नाही याची त्यांना खात्री होती.

त्या उन्हाळ्यात मी तुमचा चेला झालो. चुन्यात गूळ किती, बेलफळाचा गर किती, घाणीत किती फेरे द्यायचे, हे तुम्ही शिकवलंत. माझ्या हातांची सालं निघाली तेव्हा जवसाचं तेल लावून दिलंत आणि वर म्हणालात, "शाळेतल्या पोरायले मारून हे हात असे नाजूक राहते कसे?" सिमिटाचं नाव काढलं की तुम्ही थुंकायचात. सिमिट मेलेलं असतं, ते घराला श्वास घेऊ देत नाही, असं तुमचं म्हणणं. मी शास्त्र सांगायचो, तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुन्हा तेच म्हणायचात.

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा भर दुपार होती. चैत्र संपत आला होता. झाडावर पाखरू नव्हतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. तुम्ही ओसरीच्या भिंतीला गिलावा देत होता, मी घमेलं धरून उभा होतो. डोक्यावर माळ्याच्या फळ्या. त्या फळ्यांवरून पूर्वेकडून काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज निघाला. लोखंडाच्या कड्या एकामागून एक फळीच्या सांध्यावरून उतराव्यात तसा. घाई नव्हती त्यात. तो आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे गेला, थांबला, आणि एकदाच ठक् झालं. मग काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा पूर्वेकडून सुरू झाला.

तुमची थापी भिंतीवर तशीच टेकलेली होती.

"ऐकलं?" तुम्ही हळूच विचारलंत.

"काय?" मी म्हणालो.

"वरतं."

"उंदीर असतील, चाचा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी भिंतीकडे पाहत होतो.

मला ऐकू आलं होतं, चाचा. पहिल्या दिवशी आलं, दुसऱ्या दिवशी आलं, त्यानंतरही रोज आलं. तरी मी उंदीर म्हणालो, वाळवी म्हणालो, उन्हाने फळ्या तडकतात म्हणालो. मी स्वतःला समजावलं होतं, की मास्तरनेच हो म्हटलं तर कोणता बाप लेकराला इथं पाठवेल? घर जाईल. हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. नकाशे सांभाळणाऱ्याचा मुलगा भुताचा आवाज ऐकतो, हे मला स्वतःशीही म्हणवत नव्हतं.

एकदा तुम्ही शिडी लावून माळ्यावर गेलात. मी खाली शिडी धरून होतो. वर सगळी धूळ, बोटभर जाडीची. तुम्ही खाली आलात तेव्हा इतकंच म्हणालात, "धुळीवर एक रेघ नाही, मास्तर. पाय नाही, शेपटी नाही. तुमचे उंदीर उडत जाते का?"

त्यानंतर तुम्ही मला विचारायचं सोडलंत आणि कामाला लागलात. ज्या माणसाला भीती वाटते तो पळतो किंवा गंडा बांधतो. तुम्ही कोळसा घेतलात. रोज दुपारी त्या आवाजाखाली चालत जायचात, आणि जिथं ठक् व्हायचं तिथं खालून फळीवर कोळशाने खूण करायचात. पाचसहा दिवसांच्या खुणा एकावर एक आल्या. मग तुम्ही त्या खुणेपासून ओळंबा सोडलात. दोरी हलायची थांबेपर्यंत आपण दोघं श्वास धरून उभे होतो. ओळंब्याचं टोक पश्चिमेच्या पितळी खिळ्यावर टेकलं, अगदी मधोमध.

"तो इथवर मोजते," तुम्ही म्हणालात. "आन् पुन्हा पहिल्यापासून मोजते. ज्याचं माप जुळलं तो मानूस दुसऱ्यांदा कायले मोजन?"

तुम्ही उकिडवे बसलात आणि खिळ्याच्या आसपासचा दगड खरवडायला लागलात. शेवाळ निघालं, जुन्या चुन्याचा पापुद्रा निघाला. खिळ्याच्या पश्चिमेला वीतभर अंतरावर एक गोल भोक उघडं पडलं. ते कोणीतरी शिसं ओतून बुजवलं होतं.

शाळेतून फीत आणून मापलं ते मी. पूर्वेच्या खिळ्यापासून त्या बुजवलेल्या भोकापर्यंत बरोबर तेहतीस फूट. खिळा वीतभर आत होता.

म्हणजे इथं तपासून नेलेली प्रत्येक साखळी एक वीत आखूड होती. साखळी आखूड, की वावर तेवढंच असून आकडा मोठा यायचा. जास्तीची जमीन निघाली म्हणून ती वेगळी काढायची आणि दुसऱ्याच्या नावावर चढवायची. ती कोणाच्या नावावर चढली असेल, हे आपल्याला एकमेकांना सांगावं लागलं नाही. त्या काळी पाटीलकी बापूरावांच्या आज्याकडे होती.

मंगळवारच्या बाजाराला झरीकडच्या जंगलातून सोमा कोलाम बांबूच्या टोपल्या घेऊन यायचा आणि फाटकाबाहेरच्या निंबाखाली बसायचा. मी किती वेळा आत बोलावलं, तो कधी आला नाही. "माह्या आज्याचं वावर या घरात गेलं," एवढंच म्हणायचा. मला वाटायचं, म्हातारा कोड्यात बोलतोय. त्या दिवशी कळलं की तो साधं, सरळ सांगत होता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुम्हाला खिळा उपटून खऱ्या जागी बसवायचा होता. मी म्हणालो, हात लावू नका. जसं सापडलं तसंच ठेवलं पाहिजे, तोच पुरावा आहे, आपण जुनं घर राखतोय, नवं बांधत नाही. तुम्ही थापी खाली ठेवलीत.

"खोटं माप राखून ठेवाचं?" तुम्ही म्हणालात. "मंग हे घर आपन कायले वाचवून राह्यलो, मास्तर? पाडू द्या त्यायले."

"उद्या कोणी म्हणेल, मिस्त्रीनेच खिळा हलवला."

"म्हनू द्या. तुमी हाये ना सांगाले."

माझा राग वेगळाच होता, हे आज समजतं. त्या ओसरीतून निघालेलं माप माझ्या वडिलांच्या नकाशांत उतरलं होतं. खिळा खोटा म्हणजे त्यांचं आयुष्य वीतभर चुकलेलं. मी चिडून निघून गेलो आणि दोन दिवस फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आलो तेव्हा तुम्ही जेवायला घरी गेला होता. जुना खिळा जागच्या जागी होता. बुजवलेल्या भोकातलं शिसं काढून तुम्ही तिथं नवा पितळी खिळा बसवला होता, चुना अजून ओला होता. माझाही मान राखला आणि तुमचाही. पण मला तेव्हा तसं वाटलं नाही. विचारल्याशिवाय केलंत याचाच संताप आला. मी कोळशाच्या खुणेखाली भिंतीला टेकून बसलो, तुम्हाला काय काय बोलायचं ते ठरवत.

आणि पूर्वेकडून ते सुरू झालं.

कड्या फळ्यांवरून उतरत आल्या, नेहमीच्याच चालीने. माझ्या डोक्यावर खूण होती, तिथवर आल्या. मी ठक् ऐकायला मान वर केली. ते झालं नाही. आवाज खुणेच्या पुढे सरकला. वीतभरच, पण तेवढं अंतर जायला त्याला फार वेळ लागला, कोणी चाचपत चाचपत जावं तसा. मग ठक् झालं, अगदी हलकं. त्यानंतर वरून बारीक धूळ खाली आली, माझ्या मांडीवर, आणि घरात अशी शांतता झाली की मला माझ्या डोळ्यांच्या पापण्यांचा आवाज येईल असं वाटलं. मी तिथून उठून उन्हात पळालो. चप्पल ओसरीतच राहिली.

तुम्ही ती चप्पल पाहिलीत. संध्याकाळी माझ्या दारात आणून ठेवलीत आणि विचारलंत, "आज आवाज नाही आला. तुमाले?"

"कधी येतच नव्हता, चाचा," मी म्हणालो.

त्यानंतर तो कधीच आला नाही. मृगाच्या आत छपराचे कवेलू फेरले गेले. मी माझ्या वर्गातली मुलं ओळीने आत नेली, फळ्या दाखवल्या, माळा दाखवला, इथं काही नाही म्हणून सांगितलं. त्यांचे बाप फाटकाशी उभे राहून पाहत होते. वाचनालय उघडायच्या दिवशी सोमाही आला. लोकांनी वाट दिली. तो अनवाणी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, नव्या खिळ्यावर टाच ठेवून थांबला आणि म्हणाला, "बराबर हाय." मग टोपल्या उचलून गेला. त्याला वावर परत मिळालं नाही. ते मिळेल असं आपल्यापैकी कोणी त्याला म्हणालोही नव्हतो.

बापूरावांनी तिसरा खिळा कसला म्हणून विचारलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर सगळं सांगितलंत. खिळ्याचं, शिशाचं, आणि आवाजाचंही. आवाज सोडून बाकीचं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा मनात म्हणालो. लोक हसायला लागले. बापूराव माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमी उन्हाळाभर इथंच होते. आयकलं का काही?"

खिळा वीतभर आत आहे, मी स्वतः मापला, हे मी सांगितलं. आवाजाचं विचारलं तेव्हा म्हणालो, "मला नाही आला."

तुम्ही घमेली धुवायला विहिरीकडे गेलात.

त्या दिवसापासून तुम्ही येडा मिस्त्री झालात. नव्या घराचा पाया तुमच्या हातून नको, तो भिंतीशी बोलतो, असं बायका म्हणायला लागल्या. गोदाम सिमिटात झालं, शाळेची नवी खोली सिमिटात झाली, दोन्ही कामं बाहेरच्यांना गेली. तुम्ही ओटे नि चुली लिंपून दिवस काढलेत. तरी दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी बंगल्यावर यायचात, शिडी लावायचात, फुटके कवेलू बदलायचात. मी चहा आणायचो; एरवी तुमच्या घरी माझी फेरी असायचीच. आपण सिमिटावर भांडायचो, खिळ्यावर भांडायचो. त्या एका गोष्टीवर मात्र कधी नाही. मला वाटायचं, तुम्ही विसरलात.

गेल्या आठवड्यात सांगायचं ठरवूनच तुमच्याकडे आलो होतो. चुन्याने छाती धरलेली, तुम्हाला धड बोलवत नव्हतं. चाचीने बाज उन्हात ओढली होती. तुम्ही विचारलंत, "बंगला आग्नेय कोपऱ्यात गळते का?" मी म्हणालो, नाही गळत. तुम्ही मान हलवलीत. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि तुम्हाला खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि उद्या येतो म्हणून उठलो.

तर आज सकाळचं. वाचनालयात तीसेक माणसं होती. बापूराव आता थकलेत, खुर्चीवर बसवून आणलं होतं. एकेक जण उठून तुम्ही भला माणूस होता म्हणत होता. कारागीर होते, पण शेवटी जरा भ्रमिष्ट झाले, असं कोणीतरी मायेनंच म्हणालं. मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मिस्त्री भ्रमिष्ट नव्हते," मी म्हणालो. "त्या उन्हाळ्यात माळ्यावर साखळी ओढल्याचा आवाज येत होता. मला रोज ऐकू यायचा. मी खोटं बोललो."

मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे खाली फरशीकडे पाहत होते. मग मागून शाळेच्या शिपायाचा आवाज आला. "मलेबी आलता, गुरुजी. माठ भरून ठेवाले गेलतो तवा." खिडकीशी उभा असलेला तेली म्हणाला, "आमच्या बाले येत होता. घरात सांगू नोका म्हने." आणखी दोघं बोलले. माझ्या अंगावर काटा आला तो त्या जुन्या आवाजाने नव्हे. एवढ्या सगळ्यांनी ऐकला होता, आणि एवढे सगळे तुम्हाला हसले होते.

शेवटी बापूराव बोलले. मान वर केली नाही.

"मी लहान होतो तवापासून येत होता," ते म्हणाले. "आज्याने सांगतलं होतं, तिकडं जायाचं नाही. मले वाटे, घर पाडलं का थांबन."

त्यांच्या मुलाने त्यांना उठवून नेलं.

तिथून मी तुमच्या घरी गेलो. चाची अंगणात बसून होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सकाळचं आणि मागचंही, आणि माफी मागितली. त्यांनी पदर सारखा केला.

"त्यायले मालूम होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "चप्पल टाकून पळाले तुमी, तवाच कळलं म्हने."

"मग कधी विचारलं का नाही मला?"

"मी म्हनलं त्यायले, जाऊन इचारा, सोडू नोका. तं म्हने, मी खरं माप धरलं म्हनून तो अमीन सुटला, आन् मास्तर खोटं बोलला म्हनून लेकरं आत गेली. दोन्ही लागते घराले. पन वाट पाह्यची त्यायनं. तुमी आले का मले आत पाठवे, चहा ठेव म्हने. मास्तरले बोलाचं असन."

नऊ वर्षं, चाचा. माझ्या प्रत्येक फेरीला तुम्ही चाचीला आत पाठवलंत, आणि मी प्रत्येक वेळी चहा पिऊन उठलो.